कडू तेवढं कळतं

१

बाटलीचं बूच निघालं, दादाने ती नाकाशी नेली आणि तापलेलं भांडं दुसऱ्याच्या हाती द्यावं तशी घाईघाईने वहिनीकडे दिली. वहिनीने हुंगून नकटीपुढे सरकवली. नकटीला ती उचलायचीही गरज पडली नाही. टेबलाच्या पलीकडूनच तिला कळलं होतं, की या बाटलीत फुलांचं तेल नाही. पानांचं आहे.

नकटी या घरची धाकटी मुलगी. नाक जन्मतःच बसकं, म्हणून बापाने लाडाने नकटी म्हटलं, आणि पुढे त्याच नाकावर तिने पोट भरलं. दूरच्या शहरातल्या प्रयोगशाळेत ती सुगंधी तेलांची परीक्षक होती. दिवसभर नंबर घातलेल्या बाटल्या हुंगायच्या आणि पास-नापास लिहायचं. या योगायोगावर घरात पंधरा वर्षं हसून झालं होतं.

घरचा धंदाही तोच. मागच्या अंगाला कडू नारिंगांची बाग, आणि बागेच्या कडेला तेल काढायची भट्टी. कडू नारिंग कोणी सोलून खात नाही. एक फोड तोंडात टाकली तर माणूस दिवसभर तोंड वाकडं करून फिरेल. पण त्याच झाडापासून तीन तेलं निघतात. सालीचं, पानांचं आणि फुलांचं. सालीचं तेल तरतरीत, पानांचं हिरवट आणि राकट, आणि फुलांचं... फुलांच्या तेलाबद्दल बोलायला लागलं की या घरातली माणसं मधेच गप्प होत.

टेबलावरची ती अंगठ्याएवढी काळपट बाटली म्हणजे आईच्या हातच्या फुलांच्या तेलाचा शेवटचा ऐवज. गेल्या वर्षी बहर संपता संपता आई गेली. नकटी पोचली ती दोन दिवस उशिरा, सगळं आटोपल्यावर. आई दिसली नाही, आईचा आवाज ऐकला नाही. तेव्हाच ठरलं होतं, की वर्ष झालं की सगळ्यांनी मिळून ती बाटली उघडायची, रुमालावर एकेक थेंब घ्यायचा, आणि उरलेलं नकटीने घेऊन जायचं. तेवढ्यासाठी ती काल दिवसभर बसमध्ये अंग आंबवत आली होती. आणि आता आत आई नव्हतीच.

आप्पांनी सगळ्यात शेवटी बाटली घेतली. डोळे मिटून बराच वेळ नाकाशी धरली. "पानांचं आहे ना," दादा म्हणाला, तसे त्यांनी डोळे उघडले. बाटली टेबलावर ठेवून ते उठले. फुलं पहाटे वेचून झाली आहेत, ती थांबायची नाहीत, एवढं म्हणून ते भट्टीकडे निघून गेले. वेचलेलं फूल त्याच दिवशी हंड्यात गेलं नाही तर संपलं, हे खरंच होतं. पण बापाची पाठ एवढी वाकलेली नकटीने कधी पाहिली नव्हती.

या गोंधळात चुलीवरचं दूध करपलं. वहिनीने त्याच दुधाचा चहा केला. दादाने एक घोट घेऊन कप दूर सारला, नकटीने तर मोरीत ओतला. आप्पांचा कप ती भट्टीवर घेऊन गेली आणि म्हणाली, की दूध लागलंय, दुसरा आणते. पण तिचं वाक्य संपायच्या आत आप्पांनी चहा संपवला होता. एरवी साखर अर्धा चमचा कमी झाली तर कप परत पाठवणारा माणूस. दुःखात माणसाला चव कुठली, असं मनाशी म्हणत नकटी परत फिरली.

घरात येते तर दादा व्हरांड्यात उभा, आणि त्याच्यापुढे मान खाली घालून मावशी.

२

मावशी काही सख्खी मावशी नव्हे. एकतीस वर्षांपूर्वी फुलं निवडायला म्हणून आली आणि घरचीच झाली. पहाटे झाडाखाली चादरी पसरून फुलं झाडून घेतात, त्यात पानं आणि काड्या येतात. त्या एकेक करून वेचून काढायच्या, हे तिचं काम. एक पान आत गेलं तरी तेलात हिरवट वास उतरतो. मावशीच्या हातून पान सुटलेलं कोणी पाहिलं नव्हतं. दादाला आणि नकटीला न्हाऊमाखू घातलं तेही तिनेच.

दादाचं म्हणणं सरळ होतं. आईच्या कपाटाची किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला असते. परवा दुपारी मावशी आईच्या खोलीतून बाहेर येताना त्याला दिसली, डोळे ओले, मुठीत किल्ली. विचारलं तर म्हणाली, झाडलोट करत होते. झाडलोटीला किल्ली कशाला लागते? आयुष्यभर जिला 'तू' म्हटलं तिला दादा आज 'तुम्ही' म्हणत होता, आणि ते ऐकून नकटी पुढे झाली.

ती मधे पडणार, तेवढ्यात मावशीच बोलली.

"मीच केलं. फडक्याने पुसायला घेतली, हातातून पडली, फुटली. घाबरले. तसलीच दुसरी बाटली आणून पानांचं तेल भरलं."

दादाचा चेहरा पांढरा पडला. रागापेक्षा दुखावला होता तो. फुटली असती तर आपण ओरडलो असतो, दोन दिवसांनी विसरलो असतो, म्हणाला. पण आईच्या जागी दुसरंच काहीतरी भरून वर्षाच्या दिवशी आमच्या नाकाला लावू दिलंत, हे मी विसरणार नाही. चारची बस आहे. तुमच्या भाचीकडे निघून जा.

मावशीने मान हलवली आणि आपल्या खोलीकडे चालू लागली. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर रडली असती, भांडली असती. हिच्या चालण्यात मात्र ओझं उतरल्यासारखं काहीतरी होतं. घड्याळात सव्वादहा वाजले होते.

नकटीने बाटली पुन्हा हातात घेतली. आईच्या जुन्या पातळाचा तुकडा तिच्याभोवती गुंडाळून दोऱ्याने बांधलेला होता. सकाळी कोणी तो सोडलाच नव्हता, नुसतं बूच काढलं होतं. तिने दोरा सोडला, फडकं काढलं आणि बाटली उलटी केली.

बुडाला पांढऱ्या शाईत एक आकडा होता. एक्केचाळीस. त्याच्या शेजारी तांबड्या शाईची फुली.

अक्षर नकटीचं होतं.

३

ती बाटली घेऊन आईच्या खोलीत गेली आणि पलंगावर बसली.

प्रयोगशाळेत नमुने येतात ते दलालांमार्फत, नावगाव दलालाच्याच वहीत राहतं, आणि परीक्षक बाटलीच्या बुडाला नुसता नंबर घालतो. कुणाचं तेल, कुठलं गाव, परीक्षकाला कळू द्यायचं नाही, असा नियम. गेल्या वर्षीचा एक्केचाळीस नंबर तिला लख्ख आठवला. फार सुंदर सुरुवात होती त्या तेलाची. आणि मग तळाशी एक करपट रेघ. हंड्यातलं पाणी कमी झालं किंवा जाळ मोठा झाला की फुलं बुडाला लागतात, त्याचा वास. तिने लिहिलं होतं, 'करपट. नापास.' बुडाला फुली मारली आणि जेवायला निघून गेली.

ती फुली तिने आईच्या शेवटच्या तेलावर मारली होती. आईने बाटली परत आल्यावर ते अक्षर ओळखलं असणार. ओळखलंच असणार. पुढे तीन आठवड्यांत आई गेली, आणि फोनवर त्याबद्दल एक शब्द बोलली नाही.

बऱ्याच वेळाने नकटीचं डोकं चालायला लागलं. बाटली तीच आहे, आपल्या हातच्या नंबरासकट. म्हणजे फुटली नाही, बदलली नाही. मावशी खोटं बोलते आहे.

बाटलीचं बूच तिने पुन्हा काढलं, आणि या वेळी परीक्षक म्हणून हुंगलं, शांतपणे, पट्टी बुडवून. या धंद्यात कागदाची अरुंद पट्टी तेलात बुडवून मग हुंगतात, थेट बाटलीत नाक घालत नाहीत. वर सगळा पानांचा राकट वास. ती थांबली. तो थोडा विरला, तेव्हा खालून अगदी बारीक, दाराच्या फटीतून यावी तशी, ती करपट रेघ आली.

आई होती. थेंबभर का होईना, होती. म्हणजे बाटली रिकामी करून, धुऊन, नवं भरलेलं नव्हतं. जुनं संपत संपत तळाला गेलं होतं, आणि त्यावर कोणीतरी पानांचं ओतलं होतं.

मावशी खोलीत गाठोडं बांधत होती. पेटीवरची वर्षाची धूळ खोलीभर उडाली होती. नकटीने तिच्यापुढे बाटली धरली, नंबर दाखवला आणि विचारलं, फुटलेली बाटली माझ्या अक्षरासकट सांधली कशी? मावशीने डोळे मिटून घेतले. मग हळूच सांगितलं, की बाटली परत आली तेव्हा आईने ती फुली पाहिली आणि हसली.

"म्हणाली, बघ, माझ्या नकटीचं नाक शाबूत आहे. आईचं म्हणून सुद्धा फसली नाही. दिवसभर बाटली उशाशी घेऊन होती बघ."

नकटी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मावशीने पाठीवरून हात फिरवला, पण कुणाला वाचवतेस, असं नकटीने विचारताच तो हात थांबला. तेवढं विचारू नकोस, आईला शब्द दिलाय, एवढंच म्हणाली.

बाहेर पडल्यावर नकटीच्या ध्यानात एक गोष्ट आली. काल आल्यापासून भट्टीच्या बाजूने मावशीचा खोकला सारखा ऐकू येत होता. वहिनी तर वैतागून म्हणाली होती, की औषध घे म्हटलं तर घेत नाही, वर्षभर हाच खोकला. आणि आत्ता एवढ्या धुळीत मावशीला एकदाही ठसका लागला नव्हता.

४

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिची जीभ तिखट, पण पोटात काही राहत नाही अशातली. किल्लीबद्दल विचारलं तर म्हणाली, "वन्सं, मला ते तेल चोरून लावायचं असतं तर मी फुलांचंच भरून ठेवलं असतं. फळीवर यंदाचं फुलांचं तेल आहे की चांगलं बुधलाभर. सासूबाईंनी काढलेलं आणि यंदाचं, दोन्ही एकाच बागेचं. तुम्हाला तरी पटकन कळलं असतं का?"

नकटी चमकली. कळलं असतं, पण उशिरा. आणि दादाला कळलं नसतं. मग ज्याने भरलं त्याने हाताशी असलेलं फुलांचं सोडून पानांचं का भरलं? शेंबडं पोर ओळखेल असा फरक. या घरात तर चार नाकं, एकाहून एक तिखट. पकडलं जायचंच असेल तर कशाला लपवायचं?

वहिनीचं गाऱ्हाणं चालूच होतं. या घरात तिचं ऐकतं कोण. आप्पांनी हल्ली नवीनच खूळ काढलंय, रोज सकाळी झाडावरचं कडू नारिंग सोलून खातात. गुरं तोंड लावत नाहीत ते हे मिटक्या मारत खातात. पोट बिघडेल म्हटलं तर हसतात. आणि सदऱ्याच्या खिशात रोज एक कागदाची पट्टी. न बघता भिजवलं की लगदा. म्हणून आता ती आधी खिसे तपासते. हे काय, गेल्या आठवड्यातली एक आहे.

तिने घड्यांखालून एक पट्टी काढून दिली. एका टोकाला पेन्सिलीने तारीख, आप्पांच्या हातची. तारखेखाली एकच शब्द, 'नाही'.

वहिनी सांगत होती, की सगळ्यांवर हेच असतं. तारीख आणि 'नाही'. तिला वाटलं, भट्टीचा काही हिशेब असेल. नकटीने पट्टी नाकाशी नेली. जुनी झाली होती, विटली होती. पण या एकाच घरात ओळखू यावा असा तो वास होता. करपट रेघ.

दादा तेलाच्या खोलीत फळीपुढे उभा होता, उगाच बाटल्या पुसत. मोठा भाऊ रडून आलेला असला की असाच काहीतरी पुसत बसतो, हे नकटीला लहानपणापासून माहीत होतं. फळीवर तीन बुधले, तिन्ही काळ्या काचेचे, एकावरही चिठ्ठी नाही. ही आप्पांची रीत. ज्याला चिठ्ठी वाचून तेल ओळखावं लागतं त्याने शाईचा धंदा करावा, असं ते म्हणत. डावीकडे फुलांचं, मधे पानांचं, उजवीकडे सालीचं, अशी नकटीच्या जन्माआधीपासूनची मांडणी.

तिने डावीकडचं बूच उचललं. पानांचं.

दादा म्हणाला, की पंधरवड्यापूर्वी त्यानेच बदललं. नवीन खिडकी पाडल्यापासून डावीकडे दुपारचं ऊन येतं, फुलांचं तेल नाजूक, म्हणून ते मधे घेतलं. सांगायचं काय त्यात, प्रत्येकाला नाक आहे.

"गेल्या वर्षी आईचं तेल करपलं, तेव्हा जाळावर कोण होतं?" तिने विचारलं.

आईच, दादा म्हणाला. तिचा डोळा लागला, ती स्वतःच म्हणाली. नकटीने विचारलं, की आजारी बाईला जाळावर बसवलं? जन्मभर तर जाळ आप्पांचा. करपायच्या आधी पाच मिनिटं त्यांना कळतं, म्हणून लांबलांबून माणसं शिकायला यायची. दादा बोळा हातात धरून उभा राहिला. असं कधी मनात आलंच नाही, म्हणाला. आई म्हणाली, म्हणून आपण मानलं.

आता नकटीला सगळं दिसत होतं, आणि ते बघायची तिची इच्छा नव्हती. तीन वाजायला आले होते. ती भट्टीकडे निघाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, की आपलं अनुमान चुकावं.

५

भट्टीच्या खोलीत सकाळपासूनचा दुसरा हंडा चढला होता. तांब्याच्या नळीतून थेंब थेंब पाणी आणि तेल काचेच्या भांड्यात पडत होतं. आप्पा स्टुलावर बसून त्या थेंबांकडे बघत होते. पलीकडे मावशीची चादर रिकामी पडली होती. खिडकीच्या कट्ट्यावर कडू नारिंगाची सालं वाळत होती.

नकटी काही न बोलता चादरीवर जाऊन बसली, मावशीच्या जागी, त्यांच्या पाठीमागे. ती आल्याचं त्यांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. जाळ चांगला रसरसला होता. मावशी नाही म्हणून पाण्याकडे बघणारं कोणी नव्हतं.

थोड्या वेळाने वास बदलला. आधी अगदी किंचित, फुलांच्या गोडव्याला कडेने कोणी चटका द्यावा तसा. नकटीला तो लगेच कळला. पूर्वी या क्षणी आप्पा ताडकन उठायचे आणि आरडाओरडा करायचे. तिने त्यांच्या पाठीकडे पाहिलं. ते थेंब मोजत होते, निवांत. वास वाढला. आता दारातून जाणाऱ्यालाही कळला असता. आप्पा हलले नाहीत.

सकाळचा करपट चहा ज्याने गटागटा प्यायला, तो हाच माणूस. तिला वाटलं, धावत जावं आणि त्यांना मिठी मारावी. पण एक शेवटची गोष्ट उरली होती. ती केली नसती तर तिला कधीच खात्री झाली नसती.

ती खोकली. फार मोठ्याने नाही, घसा खाकरल्यासारखी, दोनदा.

आप्पांचा हात लगेच पुढे आला. त्यांनी जाळातलं एक लाकूड बाहेर ओढलं, मग दुसरं, शेजारच्या घागरीतलं पाणी हंड्यात ओतलं आणि पुन्हा स्टुलावर बसले. सगळं सवयीने, मागे वळूनही न बघता. "अजून आहे का गं?" त्यांनी विचारलं.

मग त्यांना आठवलं असावं, की मावशी तर चारच्या बसने जायची आहे. ते हळूहळू वळले. चादरीवर मुलगी बसलेली पाहिली आणि म्हातारा एकदम लहान दिसायला लागला.

"कधीपासून?" नकटीने विचारलं.

"दोन हिवाळे झाले," आप्पा म्हणाले. "ताप आला होता बघ. ताप उतरला, वास काही परत आला नाही."

६

मग सगळं बाहेर आलं, तुटक तुटक. आधी फक्त आईला ठाऊक होतं. ती भट्टीशेजारी खाट टाकून पडायची आणि खोकून इशारा द्यायची. तिचा आजार वाढला, एके दिवशी तिचा खरोखर डोळा लागला, आणि फुलं करपली. आपल्यामुळे करपलं हे आप्पा सांगायला निघाले होते, तर तिने हात धरला. म्हणाली, तुमचं नाक हेच हे घर आहे, लोकांना कळलं तर पोराच्या हातात काय राहील? जाताना खोकण्याचं काम मावशीकडे सोपवून गेली.

आणि बाटली? आप्पांनी सदऱ्याचा खिसा चाचपला. मग म्हणाले, की त्यांना वाटायचं, परत यायचाच असला तर वास त्या बाटलीसाठी येईल. दुसऱ्या कशासाठी नाही आला तरी तिच्यासाठी येईल. म्हणून रोज दुपारी कपाट उघडून एक पट्टी बुडवायचे, आणि बसून राहायचे. मग तारीख घालायचे. तीनशेच्या वर पट्ट्या झाल्या. कधी कधी एकीने भागायचं नाही. बाटली तळाला गेली तेव्हा ध्यानात आलं, की ही तर नकटीची आहे.

"तू एवढ्या लांबून येणार, आणि रिकामी बाटली देऊ? म्हटलं, यंदाचं भरू. त्याच बागेची फुलं, तिचीच झाडं. तुझ्या वाट्याला फुलांचा वास तरी यावा. डावीकडचा बुधला घेतला आणि ओतलं. सकाळी दादा म्हणाला पानांचं, तेव्हा कळलं मी काय केलं ते." त्यांनी तोंड जाळाकडे वळवलं. "मावशीने किल्ली जागेवर ठेवली माझ्यामागे. आणि ती बोलली तेव्हा मी तिथे नव्हतो. नंतर कळलं, तरी इथेच बसून राहिलो. भित्रा झालोय गं मी."

नकटीला राग यायला हवा होता. वर्षभर तिने ज्या बाटलीची वाट पाहिली ती याच हातांनी संपवली होती, आणि एका निरपराध बाईचं गाठोडं दारात ठेवलं होतं. पण त्या तीनशे 'नाहीं'पुढे तिचा राग उभाच राहीना. हे सगळं दादाला कसं सांगायचं याची ती जुळवाजुळव करत होती. मी सांगते, म्हणाली. आप्पा उठले. "नाही. एवढं मला करू दे."

ते अंगणातून चालत गेले तेव्हा मावशी गाठोडं घेऊन फाटकाशी उभी होती, आणि दादा तिच्याकडे न बघता व्हरांड्यात. आप्पांनी गाठोडं तिच्या हातातून घेतलं आणि खाली ठेवलं. मुलाला म्हणाले, की मला दोन वर्षं वास येत नाही. तेल मी ओतलं. गेल्या वर्षीचं मीच करपवलं. ही खोटं बोलली ती माझ्यासाठी, जशी तुझी आई बोलली.

दादा पायऱ्या उतरला. मग येऊन मावशीच्या पायाशी बसला, आणि त्याच्या तोंडून "तू" एवढंच निघालं. मावशी म्हणाली, ऊठ, फुलं निवडायची राहिलीत. रस्त्यावरून बस गेली, थांबली नाही.

उन्हं उतरली तेव्हा आप्पा आणि नकटी पहिल्या झाडाखाली बाकावर बसले होते. बाटली दोघांमध्ये होती. आप्पांनी विचारलं, की आता ती फेकायचीच ना? नकटीने पट्टी बुडवली आणि वाट पाहिली. वरचा पानांचा वास विरायला वेळ लागतो, हे दोघांनाही माहीत होतं.

"आहे का गं त्यात ती?"

"आहे," नकटी म्हणाली. "अगदी खाली. पण आहे."

कशी येते ते सांग, म्हणाले. पंधरा वर्षं ती हेच काम करत होती, कागदावर वासाचे शब्द लिहायचं. आता तिला एक शब्द सापडेना. शेवटी तिने जे येत होतं ते तसंच सांगितलं. आधी कडवट. मग पहाटेच्या चादरीसारखं, ओलं. मग थोडा मध. आप्पा डोळे मिटून ऐकत होते, मान हलवत होते.

"आणि करपट," ते म्हणाले. "ते तिचं नाही. ते माझं."

"तेवढ्यानेच ओळखू आली मला ती," नकटी म्हणाली. त्याच करपट रेघेवर फुली मारून ती जेवायला गेली होती.

आप्पांनी खिशातून पेन्सिल काढली. नकटीच्या हातातली पट्टी घेऊन तिच्यावर तारीख घातली. तारखेखाली काय लिहावं ते त्यांना सुचेना, म्हणून पेन्सिल त्यांनी तिच्या हाती दिली. तिने 'आहे' लिहिलं. अक्षर बाटलीच्या बुडावरच्या अक्षरासारखंच होतं.

मग त्यांनी झाडावरचं एक नारिंग तोडलं, अंगठ्याने सोललं आणि अर्धं तिच्यापुढे धरलं. हे कोण खातं, असं ती लहानपणी ओरडली असती. तिने विचारलं, आप्पा, रोज हे का खाता?

"बाकी सगळं पाण्यासारखं लागतं," ते म्हणाले. "कडू तेवढं कळतं अजून."

तिने फोड तोंडात टाकली. जिभेपासून घशापर्यंत सगळं आवळून आलं, डोळ्यांतून पाणी आलं, पण ती थुंकली नाही. भट्टीकडून मावशीचा खोकला ऐकू आला, दोनदा, आणि पाठोपाठ दादाचा आवाज, की ओढलं गं लाकूड, ओढलं. आप्पांनी दुसरी फोड तिच्या हातावर ठेवली आणि दोघं सावकाश खात बसले.